खाँसाहेब परत आले, ते कोणत्या वतनात?

'पाकिस्तानात जा' हे वाक्य पुणे-नगर रस्त्यावरच्या आमच्या सुप्यातही कानावर पडतं. कधी टपरीवर थट्टेत, कधी निवडणुकीच्या दिवसांत रागानं. ते ऐकलं की मला उलट्या दिशेनं आलेला माणूस आठवतो: उस्ताद बडे गुलाम अली खाँ.

खाँसाहेबांचा जन्म १९०२ चा, लाहोरजवळच्या कसूरचा. काका काले खाँ आणि वडील अली बक्ष यांच्याकडून त्यांना पतियाळा घराण्याची तालीम मिळाली. ते केवळ गवई नव्हते. 'सबरंग' या नावानं त्यांनी स्वतः बंदिशी आणि ठुमऱ्या रचल्या. फाळणीआधीच मुंबई-कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. १९४७ मध्ये कसूर सीमेपलीकडे गेलं. घर तिकडे आणि ऐकणारे इकडे, अशी त्यांची गत झाली.

इकडे येणं तेव्हा सोपं नव्हतं. जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला परमिट लागू लागलं. १९५२ मध्ये पासपोर्ट-व्हिसा आला. दंगलीच्या भीतीनं तिकडे गेलेल्या आणि परतू पाहणाऱ्या कितीतरी मुसलमानांचे रस्ते या कागदांनी अडवले. खाँसाहेबांसाठी मात्र मोरारजी देसाईंनी शब्द टाकला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांना भारताचं नागरिकत्व मिळालं, मुंबईत मलबार हिलवर राहायला जागाही मिळाली. १९६० च्या 'मुग़ल-ए-आज़म'मध्ये तानसेनाला आवाज त्यांनीच दिला. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. एप्रिल १९६८ मध्ये हैदराबादेत त्यांचं निधन झालं.

त्याच काळात उलटा प्रवासही चालू होता. खानदेशात, जळगावजवळच्या नशिराबादला वाढलेले संगीतकार निसार बज्मी १९६२ मध्ये पाकिस्तानात गेले. तिथं त्यांनी मोठं नाव कमावलं आणि २००७ मध्ये कराचीत ते वारले. त्यांना गद्दार म्हणायचं कारण नाही. कलावंत कामामागे जातो.

म्हणूनच खाँसाहेबांच्या परतण्याचा पुरावा म्हणून वापर करणं मला पटत नाही. आपली माणसं अभिमानानं सांगतात, 'बघा, ते परत आले!' पण ते जन्मगावी परतले नव्हते. जिथं त्यांचं गाणं समजून घेणारे कान होते, तिथं ते परतले. माणसाचं वतन असंही ठरू शकतं.

आणि जे कधी गेलेच नाहीत त्यांचं काय? गावातल्या शिकलगाराच्या, पिंजाऱ्याच्या, तांबोळ्याच्या आजोबांसाठी कुणा मंत्र्यानं शब्द टाकला नाही, पद्मभूषण तर दूरच. ते इथंच राहिले, इथंच कब्रस्तानात गेले. परतण्याची गोष्ट सांगावी, जरूर सांगावी. पण न गेलेल्यांना आपलं राहणं सिद्ध करावं लागू नये, एवढं तरी त्या गोष्टीतून शिकायला हवं.