सांध्यातला गंज



जुना लोखंडी दरवाजा, जुनी पेटी किंवा पडवीत वर्षानुवर्षे पडून राहिलेले एखादे अवजार जरा निरखून पाहा. गंज सगळीकडे सारखा चढलेला नसतो. उघड्या, सपाट भागावर तो पातळ असतो. पण जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर बसल्या आहेत, जिथे पत्रा दुमडला आहे, तिथे तो जाड थर धरून बसलेला दिसतो. जुने लोखंड मधोमध क्वचित मोडते. बहुधा ते सांध्यात मोडते. म्हणून माणसाने लोखंडाला लोखंड कसे जोडले आणि त्या जोडात शिरणाऱ्या गंजाशी तो कसा झगडला, ही हकिगत ऐकण्याजोगी आहे. तिच्यातले बरेचसे टप्पे आपल्याला अहिल्यानगरजवळ, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या नगरजवळ, भिंगारच्या परिसरात डोळ्यांनी पाहता येतात.

या हकिगतीची सुरुवात लोहाराच्या भात्यापाशी होते. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव आठवा. लोहार लांब पट्टी वाकवून तिची दोन टोके एकमेकांवर आणी. ती भट्टीत इतकी तापवी की लाल रंग जाऊन पिवळसर पांढरा यावा. मग त्यांवर थोडी वाळू किंवा टाकणखार टाकी आणि ऐरणीवर घेऊन घणाचे घाव घाली. टोके एकजीव होत. आता वाळू कशाला, असे कोणी विचारील. तापलेल्या लोखंडावर हवेमुळे एक खपली धरते. वाळूने ती खपली पातळ होते आणि घावासरशी वितळलेल्या मळीसारखी बाहेर उडते. खपली मध्ये राहिली, तर सांधा धरत नाही. हे सूत्र ध्यानात ठेवा: दोन्ही बाजूंचे लोखंड स्वच्छ असेल, तरच ते जुळते. पुढे गॅस आला, वीज आली, तरी हे सूत्र काही बदलले नाही.

दिल्लीचा लोहस्तंभ याच रीतीने घडला. सुमारे सात मीटर उंचीचा आणि सहा टनांहून जास्त वजनाचा हा खांब गुप्तकाळात, म्हणजे सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी, लोखंडाचे गोळे तापवून एकमेकांवर ठोकून तयार केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे खांबावर एक पातळ, चिवट थर धरला आणि त्यानेच पुढचा गंज अडवला. दिल्लीची बरीचशी कोरडी हवाही त्याच्या मदतीला आली.

नगरच्या कारागिरांनी दुसरी वाट धरली होती. विजापूरच्या किल्ल्यावरची मलिक-ए-मैदान तोफ आपल्या नगरला १५४९ साली ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव महंमद बिन हुसेन रूमी. ही तोफ लोखंडाची नाही, काशाची आहे. तिला सांधाही नाही आणि तांबडा गंजही नाही. पण काशाला तांबे आणि कथील लागते, आणि ते महाग पडते. घरोघरचे, शेतातले आणि रस्त्यावरचे काम शेवटी लोखंडावरच येऊन ठरले. त्यामुळे सांध्याचा प्रश्नही कायम राहिला.

एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, पूल आले, वाफेचे बंब आले. एवढे मोठे पत्रे भट्टीत घालून घणाने जोडणार कसे? तेव्हा रिव्हेट पुढे आले. आपल्याकडचे कारागीर त्याला रिपीट म्हणतात. दोन पत्र्यांना भोके पाडायची, त्यांतून तापलेली लोखंडी मेख घालायची आणि तिचे दुसरे टोक ठोकून चपटे करायचे. मेख थंड झाली की आवळते आणि पत्रे घट्ट धरते. रेल्वेच्या जुन्या पुलांवर टपोऱ्या डोक्यांच्या ज्या ओळी दिसतात, त्या याच रिपिटांच्या.

आता भिंगारकडे वळू. भिंगारला लागूनच लष्कराची जुनी छावणी आहे. चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा नगरला आहे. या संस्थेने फेब्रुवारी १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. तिथे विसाव्या शतकातली सुमारे पन्नास लढाऊ वाहने आहेत. त्यांतली सर्वांत जुनी म्हणजे रोल्स-रॉइस कंपनीची चिलखती गाडी. सिल्व्हर घोस्ट या नावाजलेल्या मोटारीच्या चासीवर पोलादी पत्र्यांची पेटी चढवून अशा गाड्या पहिल्या महायुद्धात तयार झाल्या. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरही त्या फिरल्या. या गाड्यांचे चिलखत रिपिटांनी जोडलेले असे.

रिपीट मजबूत खरे, पण त्यात दोन खोडी होत्या. पहिली रणांगणावर कळली. रिपिटाच्या डोक्यावर बाहेरून गोळा आदळला, की आतली मेख तुटून बंदुकीच्या गोळीसारखी गाडीतल्या जवानांवर येई. चिलखत फुटले नाही तरी माणूस जायबंदी होई. दुसरी खोड मात्र हळूहळू कळते. एकावर एक ठेवलेल्या दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट राहतेच. पाणी तिथे शिरते आणि वाळत नाही. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त जागा लागते. तो आतून फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखे पत्रे एकमेकांपासून दूर लोटतो. बाहेरचा रंग शाबूत आणि आत सांधा उकललेला, अशी स्थिती होते.

यावर उपाय निघाला तो पत्र्यांच्या कडाच वितळवून एक करण्याचा. जत्रेत पूर्वी कार्बाईडचे दिवे असत, ते जुन्या मंडळींना आठवतील. कार्बाईडवर पाण्याचा थेंब पडला, की उग्र वासाचा वायू निघे आणि तो लख्ख जळे. तो ॲसिटिलीन वायू. त्याला शुद्ध प्राणवायूची जोड दिली, तर ज्योत तीन हजार अंशांच्या वर तापते आणि पोलाद पाण्यासारखे वाहते. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये या ज्योतीची बंदूक तयार झाली. त्याच्या आधीच, १८८० नंतरच्या दहा वर्षांत, रशियातल्या बेनार्दोस आणि स्लाव्यानोव्ह यांनी विजेच्या ठिणगीने धातू जोडून दाखवला होता. पुढे स्वीडनच्या केलबर्ग यांनी वितळणाऱ्या कांडीवर खास लेप चढवला. लोहाराची वाळू जे काम करी, तेच हा लेप करतो: धातू स्वच्छ ठेवतो आणि हवा दूर ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धात ही विद्या झपाट्याने पसरली. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्या ग्रँट रणगाड्यांचे सांगाडे बहुतेक रिपिटांचे होते. पुढे आवडीच्या कारखान्यात १९६५ पासून आपल्या देशात तयार झालेल्या विजयंताचा सांगाडा मात्र वेल्डिंगचा आहे. भिंगारच्या संग्रहालयात विजयंताही आहे. शिक्षकांनी मुलांना तिथे नेले, तर नुसत्या तोफा दाखवू नयेत, सांधेही दाखवावेत. कुठे रिपिटांची ओळ आहे आणि कुठे वेल्डिंगचा उंचवटा आहे, हे मुले सहज ओळखतील.

पण वेल्डिंग म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे, बरं का! जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत स्केनेक्टडी नावाचे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे असताना, वादळ नाही, शत्रू नाही, अशा वेळी मधोमध दुभंगले. थंडीत ते पोलाद ठिसूळ होत होते आणि वेल्डिंगमध्ये दोष होता. रिपिटाच्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेला येऊन थांबली असती. इथे सगळे एकजीव, त्यामुळे भेगही थेट धावत गेली. मोठ्या मालट्रकांच्या चासीला अजूनही रिपिटे दिसतात, त्याचेही कारण आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने जवळचे पोलाद आपला कस बदलते आणि रोजच्या धक्क्यांनी तिथे भेग जाऊ शकते.

मोटारीच्या अंगाचा इतिहासही असाच सरकत आला. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एस. टी. धावली. त्या बसची बॉडी लाकडी होती. पुढे सगळीकडे पत्र्याच्या बॉडी आल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली. जीपची चासी वेगळी आणि अंग सपाट पत्र्याचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, कुर्ल्याला तयार होई. तिला वेगळी चासीच नाही. वेल्डिंगने जोडलेला पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. मुंबईच्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. समुद्राची खारी, दमट हवा अशा गाड्यांना फार बाधते. नगरकडे वर्षाला सुमारे साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. त्यामुळे कोकणात दहा वर्षांत चाळण होणारा पत्रा इकडे दुप्पट काळ टिकला, तर नवल नाही.

हल्ली पुष्कळ घरांत आजोबांची जीप किंवा जुनी फियाट पुन्हा चालती करण्याची हौस दिसते. हौस चांगली आहे. पण इथे इतिहासाचा धडा उपयोगी पडतो. रंगाखाली फुगवटा दिसला, की लांबी भरून गुळगुळीत करण्याचा मोह होतो. लांबी गंज थांबवत नाही. तो फक्त नजरेआड करते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तळाचा पत्रा, दारांखालची पट्टी, मडगार्डच्या दुमडी टोचून पाहाव्यात. जिथे टोक आत जाते, तिथे पत्रा उरलेला नाही असे समजावे. काही जुन्या जीपच्या तळाखालच्या आधारपट्टीत लाकूड भरलेले असे. ते पाणी धरून ठेवते, तेव्हा तिकडे आधी पाहावे.

गंजलेला भाग चकचकीत, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून काढावा. गंजावर वेल्डिंग मारले, तर ते जाळीसारखे पोकळ होते. बॉडीचा पत्रा जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर जाड असतो. एका दमात लांब वेल्डिंग ओढले, तर तो पापडासारखा वाकडा होतो. म्हणून शिंपी जसे आधी लांब लांब टाके घालतो, तसे दूर दूर टाके मारावेत, पत्रा निवू द्यावा आणि मग मधल्या जागा भरीत जावे. ठिगळ वर चिकटवण्यापेक्षा कडेला कड भिडवून बसवावे. ठिगळ वर ठेवले, की पुन्हा तीच फट, तेच पाणी आणि तोच गंज. शेवटी आतल्या बाजूलाही गंजरोधक रंग द्यावा, पोकळ जागेत मेण किंवा तेल सोडावे आणि पाणी निघायच्या मूळ वाटा मोकळ्या ठेवाव्यात.

काही गोष्टींत मात्र हयगय नको. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला ज्योत किंवा ठिणगी लावू नये. आतली वाफ स्फोट करते. जस्ताच्या पत्र्याच्या धुराने ताप भरतो, म्हणून काम उघड्यावर करावे. ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, मुलांना तर जवळ उभेच करू नये. आणि चासीचे, स्टिअरिंगचे, ब्रेकचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. दाराचे ठिगळ निघाले तर पत्रा पडतो. चासीचा सांधा निघाला तर माणसे जातात.

इथे एक प्रश्न उरतो. सगळेच कापून नवे घातले, तर जुने म्हणून काय राहिले? उत्तर वस्तूच्या कामावर अवलंबून आहे. संग्रहालयातली चिलखती गाडी पुन्हा लढाईला जायची नाही. तिचे रिपीटन् रिपीट राखले पाहिजे. तिथे गंज थांबवणे पुरे. घरची जीप मात्र लेकराबाळांना घेऊन घाट चढणार आहे. तिथे कुजके राखणे म्हणजे आठवण राखणे नव्हे. निरोगी तेवढे ठेवावे, कुजके निःशंकपणे काढावे आणि काय बदलले त्याची नोंद वहीत लिहून ठेवावी.

शिक्षकमित्रांना एक सोपा प्रयोग सुचवतो. तीन बाटल्या घ्या. पहिलीत साधे पाणी आणि निम्मा बुडालेला खिळा. दुसरीत उकळून निववलेले पाणी, त्यात पूर्ण बुडालेला खिळा आणि वर तेलाचा थर. तिसरीत खिळा आणि तळाशी कळीच्या चुन्याचा लहानसा खडा. चुना शिक्षकांनीच हाताळावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाटलीला घट्ट बूच बसवा. आठवड्याने पहिल्याच बाटलीतला खिळा तांबडा झालेला दिसेल. गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, हे फळ्यावर न लिहिताही मुलांना कळेल. मग त्यांना विचारा: शाळेच्या फाटकात ही दोन्ही एकत्र कुठे साठून राहतात? मुले आपण होऊन सांध्याकडे बोट दाखवतील.