डावीकडून चौथं

आमचे आप्पा पुस्तकांची नावं पाठ म्हणायचे. संध्याकाळी हरिपाठ झाला की कधी कधी त्याच सुरात पुढे सुरू व्हायचं: 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला', 'श्यामची आई', 'स्मृतिचित्रे'... अशी चोवीस नावं. आप्पांनी ही सगळी वाचलीत असं मला लहानपणी वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाले, "वाचली कुठं गं पोरी, काचेतनं बघितली."

आप्पा 1950 च्या आसपास हायस्कुलात गेले. शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं, काचेच्या दारांचं, आणि त्याला कुलूप. वर्षअखेरीला पुस्तकं मोजायची आणि एखादं कमी भरलं तर ज्या गुरुजींच्या ताब्यात कपाट, त्यांच्या पगारातून पैसे कापायचे, असं आप्पा सांगत. मग कुलूप काढणार कोण? आप्पांचा बाक नेमका कपाटाला लागून. तीन वर्षं त्यांनी पुस्तकांच्या पाठी वाचल्या. त्या गुरुजींचा मला कधी राग आला नाही, केवढासा पगार तो! पण काचेला नाक लावून बसलेला तो मुलगा आठवला की आजही जीव तुटतो.

आमचा आळेफाटा म्हटलं की लोकांना पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते, कांद्याचा बाजार आणि एसटीचा थांबा आठवतो. फाट्याला नाव देणारं आळे गाव जवळच आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथे आहे. पैठणहून परतताना त्यानं इथे देह ठेवला, असं जुनी माणसं सांगतात. चैत्रात एकादशीला यात्रा भरते. आप्पा मला खांद्यावर घेऊन जायचे. समाधीपुढे हात जोडून म्हणायचे, "मुक्या जनावराच्या तोंडी वेद आले बघ इथं." आणि मग बराच वेळ काही बोलायचे नाहीत.

मी आठवीत गेले 1987 साली. तोवर शाळेत ग्रंथपाल बाई आल्या होत्या. शाळेचा पट हजाराच्या आत, म्हणून पद अर्धवेळ आणि पगारही अर्धा. बाई मात्र शेवटची एसटी सुटेपर्यंत थांबायच्या, कारण वाड्या-वस्त्यांवरची आम्ही मुलंही तोवर थांबलेली असायचो. मदतीला त्यांनी हुशार मुलं निवडली नाहीत. ज्यांची गाडी उशिरा, ती ग्रंथालयाची.

पुण्याहून पुस्तकं मागवली की अप्पा बळवंत चौकातल्या दुकानातून गठ्ठा एसटीच्या टपावर चढायचा. तो फाट्यावर उतरवून घ्यायला बाई आणि मी जायचो. सुतळी सोडायची, प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवायचं, शिक्का मारायचा, दाखल क्रमांक लिहायचा. तो दोन ठिकाणी लिहायचा: एक मुखपृष्ठाच्या आत, दुसरा गुप्त पानावर. आमचं गुप्त पान होतं 37. कुणी पहिली पानं फाडली तरी पुस्तक आपलंच हे सदतिसाव्या पानावरून कळायचं. शाळेत हे पान बाई आणि आम्ही पाच-सहा जण सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. एवढ्या विश्वासानं माझ्या हाती त्याआधी कुणी काही दिलं नव्हतं.

शनिवारी डागडुजी. स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं. खळ निवेपर्यंत सुटलेली पानं ठोकून सारखी करायची, दाभणानं भोकं पाडायची आणि मेण लावलेला दोरा ओवायचा. दोरा मधल्या भोकातून सुरू करून मधल्याच भोकात आणायचा, तिथे गाठ. गाठ सैल राहिली की बाई काही न बोलता ती उसवायच्या आणि पुस्तक परत हातात द्यायच्या.

बाईंनी मांडणीवर एक कागद चिकटवला होता: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं हे पहिलं. मद्रासच्या शि. रा. रंगनाथन यांनी ती 1931 साली पुस्तकरूपात मांडली. एके काळी युरोपात पुस्तकं साखळीनं बांधून ठेवत, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मला आप्पांचं कपाट दिसलं.

पुस्तकं हरवायची. बाई नोंदवहीत लाल शाईनं 'गहाळ' लिहायच्या आणि कपाट उघडंच ठेवायच्या. पुढे फार वर्षांनी केंद्र सरकारचे 2005 चे वित्तीय नियम माझ्या वाचनात आले. वर्षभरात दिल्या-घेतलेल्या हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, तर अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसल्यास ते रास्त धरावं, असं त्यात चक्क लिहिलंय. तोवर आप्पा गेले होते. हे वाक्य त्यांना ऐकवायला हवं होतं.

अकरावीत मी राष्ट्रीय सेवा योजनेत गेले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला, 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. आमचं सात दिवसांचं शिबिर पश्चिमेकडच्या एका वाडीत होतं. दिवसा बांध घालायचा, रात्री गाणी. बाईंनी सोबत पत्र्याची ट्रंक दिली होती, पुस्तकांनी भरलेली. सयाजीराव गायकवाडांनी 1910 नंतर बडोदे संस्थानात गावोगाव ग्रंथपेट्या फिरवल्या होत्या. आमची ट्रंक त्याच घराण्यातली, असं त्या म्हणाल्या. ट्रंक उघडली तशी मुलं कोंडाळं करून बसली. एक म्हातारी लांबूनच बघत होती. हात पदराला पुसून म्हणाली, "मी नुसतं धरलं तर चालंल का?" मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते उघडलं नाही, आमची गाणी संपेपर्यंत दोन्ही हातांत धरून बसली.

तिचे ते हात मला नवे नव्हते. दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत मदतनीस मुलांना एक-एक जुनं पुस्तक घरी न्यायची परवानगी मिळाली होती. मी मीच शिवलेलं 'स्मृतिचित्रे' घेतलं. आप्पांचे डोळे तेव्हा मोतीबिंदूनं गेल्यातच जमा होते. पुस्तक त्यांच्या हातात दिलं, नाव सांगितलं. त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला, माझी शिवण चाचपली.

"वरची फळी," ते म्हणाले. "डावीकडून चौथं."

मग पुस्तक माझ्याकडे दिलं आणि भिंतीला टेकून बसले. "हां. वाच."