फौजेविना सेनापती
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वसईच्या किल्ल्यावरून खाडीपलीकडे नजर टाकली की उत्तन-डोंगरीचा किनारा दिसतो. शाळेत असताना आम्ही किल्ल्यात जायचो ते चिमाजी अप्पांची १७३९ ची मोहीम ऐकायला. समोरच्या किनाऱ्याशी नातं असलेल्या दुसऱ्या एका सेनापतीबद्दल मला प्रथम सांगितलं ते आमच्या शेजारच्या निवृत्त पोस्टमननं. "आमच्या पोस्टमनांची संघटना बांधणारे काका बॅप्टिस्टा," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, त्याच्याच नात्यातले कुणी काका असतील.

ते होते बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. घराणं मूळचं उत्तनचं, जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत, माझगावच्या माथारपाखाडीत. पुण्यात अभियांत्रिकी शिकले, काही काळ वनखात्यात नोकरी केली, मग केंब्रिज गाठलं आणि १८९९ मध्ये बॅरिस्टर झाले. एवढ्या शिक्षणावर हायकोर्टात वकिली करत सुखात राहता आलं असतं. ते टिळकांचे सहकारी झाले.

१९०८ च्या जुलैमध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. बचावाचं भाषण टिळकांनी स्वतः केलं. कायद्याच्या बाजूनं मदत करणाऱ्यांत बॅप्टिस्टा होते. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. वर्षाला एक दिवस! हा हिशेब कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नव्हता. कोर्टात हरलेला खटला रस्त्यावर कसा उभा राहतो, हे त्या सहा दिवसांनी सगळ्यांना दाखवलं. दोन वर्षांनी, १९१० मध्ये, सावरकरांच्या बचावासाठीही बॅप्टिस्टा उभे राहिले. सरकारची मर्जी सांभाळणारा वकील असली कामं घेत नाही.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. टिळकांनी स्वतः पद घेतलं नाही. अध्यक्ष बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. आज कुणाला हे नवल वाटेल. पण टिळकांच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती होता, आणि तो कुणाच्या आग्रहास्तव दाखवण्यापुरता बसवलेला नव्हता.

पुढच्याच वर्षी ते लीगचे वकील म्हणून इंग्लंडला गेले. इथं वकील हा शब्द मी जुन्या अर्थानं वापरतो आहे. पेशव्यांच्या काळात दुसऱ्या दरबारी आपली बाजू मांडणाऱ्याला वकीलच म्हणत. फारसी-अरबीतून आलेल्या या शब्दानं मराठीत कोर्ट आणि दरबार दोन्ही सांभाळले. बॅप्टिस्टांच्या पाठीशी मात्र ना राज्य होतं, ना खजिना. मजूर पक्षाच्या लोकांना भेटायचं, हिंदुस्थानचं म्हणणं पटवायचं, एवढंच हाती. १९१८ मध्ये टिळकांचं शिष्टमंडळ निघालं तेव्हा सरकारनं त्याला कोलंबोतूनच परत पाठवलं. असा वकील आधीच इंग्लंडला पाठवण्याचं मोल तेव्हा कळलं असेल.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबरला, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष लाला लजपतराय होते. ते घडवून आणणाऱ्यांत बॅप्टिस्टा होते. गिरणीतला मजूर, टपाल वाटणारा पोस्टमन ही त्यांची फौज. ती लढायची ती काम थांबवून. १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले आणि १९३० मध्ये वारले.

मी मराठीत कविता लिहितो. कविसंमेलनात कुणीतरी प्रेमानं जवळ येऊन म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" मी आभार मानतो. पण आपल्याच घरात पाहुणा म्हणून पाणी विचारावं तसं वाटतं. अशा वेळी मला काका आठवतात. जोसेफ या नावापुढे लोकांनी काका जोडलं. ही पदवी केंब्रिजनं दिली नव्हती. जो आपल्यासाठी कोर्टात उभा राहतो, परदेशात भांडतो, संपात सोबत असतो, त्याला आपल्याकडे नात्यानं हाक मारतात. नाव नंतर विचारतात, किंवा विचारतही नाहीत.

माझगावच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर, त्यांच्या नावाची बाग आहे. तिथून गोदी दिसते. मी गेलो तेव्हा बाकावर डबा खात बसलेल्या दोघांना विचारलं, हे बॅप्टिस्टा कोण? एकानं मान हलवली. दुसरा म्हणाला, "कुणीतरी साहेब असणार."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि उत्तनपासून सांगायला सुरुवात केली.