ईश्वरासमान कोण?

वसईतील माणिकपूरच्या संत मायकल चर्चबाहेरील गल्लीत संध्याकाळी एखादी आई ‘अरे मायकल!’ म्हणून आपल्या पोराला जेवायला हाक मारते, तेव्हा आपण हिब्रू भाषेतील एक गहन प्रश्न उच्चारीत आहोत याची तिला वार्ताही नसते. मी-खा-एल, म्हणजे ‘ईश्वरासमान कोण?’, नाम कसले, हे तर आव्हानच! १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमदानीत हाच मायकल वसईत ‘मिगेल’ होता. अंत्य ‘एल’ म्हणजे देव. म्हणून गाब्रिएल हे देवाचे सामर्थ्य आणि राफाएल म्हणजे देवाने दिलेले आरोग्य.

ही तिन्ही नावे देवदूतांची. त्यांच्यातील प्रमुखासाठी मराठी बायबलाने ‘आद्यदेवदूत’ हा भारदस्त शब्द योजिला, कारण ग्रीकातील ‘आर्खी’ म्हणजे प्रमुख व ‘आंगेलोस’ म्हणजे निरोप्या; फारसीतील ‘फिरिश्ता’ही मुळात धाडलेलाच. दरबारी भाषेत सांगायचे तर मिखाएल हा सरलष्कर, दानिएलाच्या ग्रंथात इस्राएलाचा कैवारी; आणि मरियेकडे शुभवर्तमान घेऊन जाणारा गाब्रिएल हा खासा जासूद.

मला मात्र तिसरा अधिक जवळचा वाटतो. यहुदी व प्रॉटेस्टंट बायबलांत न गणलेल्या, परंतु कॅथलिकांना मान्य असलेल्या तोबीताच्या ग्रंथात, राफाएल वाटसरूच्या वेषात येतो आणि त्याने सांगितल्याप्रमाणे माशाचे पित्त डोळ्यांना लावताच आंधळ्या म्हाताऱ्याची दृष्टी परत येते. पाचूबंदरच्या कोळणी मासळी साफ करताना तेच पित्त, कडवट म्हणून, अलगद काढून टाकतात.