परदेशी गाडी आणि घरचा मेस्त्री

गेल्या चवथीला आमच्या मंडळातल्या एका घरी मुलगा न्यू जर्सीहून आला होता. आरती झाली आणि नेवऱ्या खाता खाता त्याने विषय काढला : १९९० च्या दशकातली जपानी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, जपानहून मागवावी की अमेरिकेतच कुणाकडची घ्यावी? पैसे त्याने स्वतः साठवले होते, तरी वडिलांचा सक्त विरोध होता. त्या रात्री वाद रंगला, पण निकाल लागला नाही. म्हणून त्यामागचा इतिहास येथे मांडतो आहोत.

परदेशी गाडी हे आम्हा गोवेकरांना नवल नाही. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या दशकात खाणींचा पैसा खेळू लागला आणि बाहेरच्या गाड्या येथे सहज येऊ लागल्या. त्याच काळात आपले खनिज मुरगाव बंदरातून जपानच्या पोलाद कारखान्यांकडे जात होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, भारताचे आयातीवरील निर्बंध येथेही लागू झाले आणि नव्या परदेशी गाड्या थांबल्या. जुन्या मर्सिडीज पुढे कित्येक वर्षे टॅक्सी म्हणून धावल्या, त्या केवळ मेस्त्रींच्या हुन्नरावर. सगळ्याच गाड्यांचे नशीब असे नव्हते. या मुलाच्या आजोबांची गाडी एका सुट्या भागासाठी अडली आणि माडाखालच्या शेडमध्ये गंजून गेली. वडिलांच्या विरोधाचे मूळ तेथे आहे.

आता जपानकडे वळू. १९७० च्या सुमारास डॅटसन २४० झेड अमेरिकेत आली आणि साधा नोकरदारही साडेतीन हजार डॉलरच्या आसपास स्पोर्ट्स कार घेऊ लागला. ती गाडी तेथल्या विक्रेत्याकडेच मिळे; सुटे भागही त्याच्याकडेच. पुढे १९८९ मध्ये निसानने स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे आर-३२, काढली : २.६ लिटरचे, दोन टर्बोंचे इंजिन आणि चारही चाकांना जोर. बाथर्स्टची शर्यत तिने १९९१ आणि १९९२ अशी दोनदा जिंकली. ऑस्ट्रेलियातल्या पत्रकारांनी तिला ‘गॉडझिला’ म्हटले. पण निसानने ही गाडी अमेरिकेत विकलीच नाही.

खाजगीरीत्या आणावी, तर तोही मार्ग बंद होता. १९८० च्या दशकात अमेरिकेत युरोपातून परस्पर गाड्या आणण्याचे पेव फुटले होते. १९८८ च्या कायद्याने त्याला आळा बसला. अमेरिकी सुरक्षानियमांप्रमाणे न बनलेली गाडी पंचवीस वर्षांची झाल्यावरच विनाअट आणता येते, असे ठरले. त्यामुळे पहिल्या आर-३२ ला २०१४ उजाडावे लागले. कॅनडात हीच मुदत पंधरा वर्षांची आहे.

जपानला तरी जुन्या गाड्या का नकोत? तेथे ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते : नव्या गाडीची तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. तिच्या खर्चापायी पुष्कळ जण गाडी लवकर बदलतात आणि जुनी लिलावात जाते. लिलावात गाडीसोबत तपासनिसाचा कागद असतो. त्यावर दर्जा, पोचे, गंज, अपघाताची दुरुस्ती, सारे नोंदलेले. खरेदीदाराचा खरा आधार हाच कागद. तो मूळचा नसेल, तर मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये.

अमेरिकेतच मिळणाऱ्या गाड्यांची बाजूही भक्कम आहे. चौथ्या पिढीची सुप्रा, आरएक्स-७, ३००झेडएक्स या तेथे रीतसर विकल्या गेल्या. स्टिअरिंग डावीकडे, कागद तेथलेच. गाडी प्रत्यक्ष पाहून, चालवून, ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घेता येते. जपानात कंपन्यांनी आपसांत २८० अश्वशक्तीची मर्यादा पाळली होती. अमेरिकेतली टर्बो सुप्रा मात्र ३२० ची होती. आयात गाडीच्या किमतीत बोटीचे भाडे, जकात आणि दलाली मिळवावी लागते. शिवाय प्रत्येक राज्याची नोंदणी वेगळी. कॅलिफोर्नियात धुराचे नियम विशेष कडक.

मग घ्यावे काय? आमच्या मते, जी गाडी अमेरिकेत विकलीच गेली नाही, तिच्यासाठीच आयातीचा खटाटोप करावा. जी तेथे मिळते, ती तेथेच घ्यावी. दोन्ही बाबतींत गाडीच्या आधी मेस्त्री शोधावा, आणि सुटे भाग कोठून येतील ते विचारून ठेवावे.

हे आम्ही त्या मुलाला कळवले. उत्तरात त्याने एका सुप्राचा फोटो पाठवला. गाडी न्यू जर्सीतलीच. खाली गॅरेजचा पत्ता होता. तो पाहून वडील एवढेच म्हणाले, “मेस्त्री बरा दिसतो.”