तळटीप : ‘एसएसएच मानपाडा’
एसएसएच म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून घेण्याचा प्रोग्रॅम; ‘मानपाडा’ हे इथे अशा एका संगणकाचं, म्हणजे सर्व्हरचं, टोपणनाव आहे. मानपाडे दोन, एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरा डोंबिवलीत. म्हणून रिक्षावाल्याला पत्ता पुरता सांगावा लागतो. एसएसएचलाही तो पुरता लागतो; लेखकाने तो आपल्या संगणकावरच्या एसएसएचच्या ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवला आहे : सर्व्हरचा खरा पत्ता, वापरकर्त्याचं नाव, पोर्ट (एरवी २२), किल्लीची फाइल. फाइल वरून खाली वाचली जाते आणि प्रत्येक सेटिंगची पहिली जुळलेली नोंदच लागू होते. म्हणून सरसकट नियम तळाशी हवेत. एसएसएच फिनलंडच्या तातु युलोनेन यांनी १९९५मध्ये लिहिलं, विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यानंतर. जोडताना सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा आला, तर वाचकांनी तो कृपया डावलू नये. आधी सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारावं.