बोटभर अंतर

निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी आली की नाशिकच्या आमच्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यातून आजीची गोधडी निघते. दोन्ही बाजूंना तिची जुनी लुगडी, आत काय काय आहे ते कुणालाच नक्की माहीत नाही. बाबांचा शाळेचा शर्ट असावा, असं आत्या म्हणते. आजी जाऊन नऊ वर्षं झाली. गोधडी अजून उसवलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी ती गोधडी पहिल्यांदा नीट पाहिली. पांघरण्यासाठी नाही, तर ती कशी शिवली आहे हे समजून घेण्यासाठी. कारण आई रडकुंडीला आली होती.

आईच्या बचत गटाने कर्ज काढून गोधड्या शिवायचं मोठं मशीन घेतलं होतं. जुनं, पण चांगल्या स्थितीतलं. त्याला पलंगाएवढी लांब फ्रेम असते. थर लावलेलं कापड दोन्ही बाजूंच्या रुळांवर गुंडाळून ताणतात. कापड जागेवर राहतं आणि मशीनचं डोकंच रुळावरून चारी दिशांना फिरतं. सायकलच्या हँडलसारख्या दोन मुठी धरून ते फिरवायचं. शेजारी एक स्क्रीन. स्क्रीनवर नक्षीची रेघ दिसते आणि सुई या क्षणी कुठे आहे ते दाखवणारा छोटा क्रॉस दिसतो. क्रॉस रेघेवर ठेवत हात फिरवत राहायचं, म्हणजे कापडावर नक्षी उमटते.

घरात इंजिनिअर मी एकटीच, त्यामुळे मशीन समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

आईने तीस वर्षं ब्लाउज शिवलेत. तिच्या कात्रीला खडूची खूण लागत नाही. पण स्क्रीनवरच्या रेघेमागे जाताना तिचा हात थरथरला. वेलीची पानं वाकडी झाली, दोन रेघा एकमेकींवर चढल्या. डोळे स्क्रीनवर, हात कापडावर, आणि दोघांची गाठच पडेना. तीन दिवसांनी ती म्हणाली, "अगं, मला नाही जमायचं हे. अडाणी माणसाचं काम नाही." पहिला हप्ता दहा दिवसांवर आला होता.

मला राग आला तो 'अडाणी' या शब्दाचा. त्याच रात्री मी आजीची गोधडी जमिनीवर पसरली. तिच्या ओळी एकसारख्या होत्या. स्क्रीन नव्हती, कागद नव्हता, खडूही नसावा. मग तिला कुठे जायचं हे कसं कळत होतं?

नक्षी कुठे साठवायची?

हा प्रश्न आजीच्या गोधडीपेक्षा जुना आहे. कापडावर नक्षी काढायची तर ती आधी कुठेतरी असावी लागते: डोक्यात, कागदावर, दोऱ्यात किंवा यंत्रात. हातमागाच्या इतिहासातला मोठा भाग म्हणजे ही जागा बदलत जाण्याचा इतिहास आहे.

आमच्याच जिल्ह्यात येवल्याला जा. खऱ्या पैठणीत मोर आणि पोपट भरतकाम करून काढलेले नसतात, ते विणलेले असतात. ताण्याचे किती धागे घ्यायचे, किती सोडायचे, हे मोजत विणकर प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी फिरवतो. नक्षी ग्राफपेपरवर चौकोन भरून काढलेली असते आणि एक चौकोन म्हणजे ठरावीक धागे. मुरलेल्या विणकराला ओळखीच्या बुट्टीसाठी कागद लागत नाही, ती मोजणी त्याच्या बोटांत गेलेली असते. म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला तरी मोर तितकाच स्वच्छ दिसतो.

बनारसमध्ये दुसरा मार्ग निघाला. तिथले नक्षाबंद कागदावरची नक्षी दोऱ्यांच्या गाठींमध्ये बांधून ठेवत. हा दोऱ्यांचा नक्षा मागावर चढवला की एकाने ठरलेले दोरे ओढायचे आणि दुसऱ्याने विणायचं. म्हणजे नक्षी विणकराच्या डोक्यातून बाहेर पडून एका वस्तूत आली होती, आणि ती वस्तू दुसऱ्या मागावर नेता येत होती.

फ्रान्समध्ये ल्योंच्या रेशीममागांवरही दोरे ओढायला माणूस, बहुतेकदा पोरगं, लागायचं. जोसेफ मारी जाकार्दने १८०४च्या सुमारास त्या पोराच्या जागी पुठ्ठ्याची कार्डं बसवली. आपण त्यालाच जॅकार्ड म्हणतो. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. विणीच्या प्रत्येक ओळीला एक कार्ड, आणि कार्डांची माळ म्हणजे अख्खी नक्षी. १८३९मध्ये जाकार्दचं स्वतःचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४ हजार कार्डं लागली. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती. त्याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना घेतली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला ही गोष्ट 'कॉम्प्युटरचा इतिहास' म्हणून एका परिच्छेदात शिकवली होती. ती कापडाचीही गोष्ट आहे, आणि त्या कापडाचा माग आमच्यापासून दोन तासांवर चालतो, हे कुणी सांगितलं नाही.

येवल्यातही जॅकार्ड आलं. काठाच्या आणि साध्या बुट्टीच्या कामाला ते वापरतात, आणि पूर्ण जॅकार्डवरच्या साड्या 'सेमी पैठणी' म्हणून स्वस्तात विकल्या जातात. स्वस्त साडी घेणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही. पण नक्षी कार्डात गेली की विणणाऱ्याच्या मोजणीची किंमत उतरते, हा हिशेब खोटा नाही. हातमागासाठी काही प्रकारचं कापड राखून ठेवणारा कायदा १९८५मध्ये करावा लागला, आणि पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हीच काळजी आहे.

हप्त्यावरचं मशीन

शिलाई मशीनचा प्रवास वेगळा झाला. पॅरिसमध्ये बार्तेलमी तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३०मध्ये मशीनचं पेटंट घेतलं आणि लष्करी गणवेश शिवायचा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी पोट मारलं जाईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने ती मशीनं फोडली. पुढे अमेरिकेत १८४६मध्ये एलियास हाउ आणि १८५१मध्ये आयझॅक सिंगर यांची पेटंटं आली. सिंगर कंपनीने १८५०च्या दशकातच मशीन हप्त्याने द्यायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतल्या पारशी एजंटमार्फत सिंगर आपल्याकडे पसरलं, इथेही हप्त्यावर. आईच्या बचत गटाच्या आधी शंभराहून अधिक वर्षं लोक मशीनचा हप्ता फेडत आले आहेत.

आणि या मशीनला आपल्याकडे कुणी फोडलं नाही. यंत्रांविषयी इतके कठोर असणारे गांधीजीसुद्धा १९२४मध्ये एका विद्यार्थ्याशी बोलताना सिंगरच्या मशीनला अपवाद करतात. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने ते बनवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला या अपवादाचं एक कारण मशीनच्या रचनेत दिसतं. साधं पायमशीन टाका घालतं, पण कुठे घालायचा हे सांगत नाही. कापड कुठे वळवायचं ते शिवणारीच ठरवते. वेग मशीनचा आणि दिशा बाईची, अशी ती वाटणी होती.

ही वाटणी मोडली इलेक्ट्रॉनिक्समुळे. १९७५मध्ये सिंगरचं इलेक्ट्रॉनिक मशीन आलं, मग मशीनमध्ये मेमरी आली, पुढे भरतकामाच्या तयार नक्ष्या आल्या. रजया शिवणाऱ्या मोठ्या फ्रेमवर कागदी नक्षीची सोय होती. मशीनच्या मागे टेबलावर नक्षीचा लांब कागद अंथरायचा आणि मशीनला जोडलेल्या दांड्याचं टोक किंवा लेझरचा ठिपका त्या रेघेवरून फिरवायचा. एकीकडे रेघ गिरवली की दुसरीकडे ती उमटते, ही युक्ती क्रिस्टोफ शायनर या जर्मन पाद्र्याच्या पँटोग्राफची, १६०३ सालची. आईच्या मशीनवरची स्क्रीन म्हणजे त्याच कागदाची आजची आवृत्ती.

आजीचा नियम

आता पुन्हा जमिनीवर पसरलेल्या गोधडीकडे येते.

मी बोटाने आजीचा धावदोरा गिरवत गेले. तो काठापासून सुरू होतो. काठाला समांतर एक फेरी, कोपऱ्यात वळण, पुन्हा समांतर. फेरी पूर्ण झाली की बोटभर आत सरकून दुसरी. चौकात चौक, त्यात आणखी लहान चौक, असं करत सगळं मध्यावर येऊन संपतं. आपल्याकडच्या पुष्कळ गोधड्या आणि वाकळा अशाच आहेत. थोडं खाली, कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात, तीही काठापासून आत. कोपऱ्यांवर घडी घातलेले तुकडे लावतात, त्यांना त्या फूल म्हणतात.

आजीच्या एका फेरीत मला चूक सापडली. एका जागी टाका अर्धा बोट आत गेला आहे, बहुधा खालच्या जाड शिवणीला टाळून. पुढच्या फेरीतही त्याच जागी हलका बाक आहे. त्याच्या पुढच्या फेरीत आणखी हलका. चार फेऱ्यांनंतर ओळ सरळ. वाकड्या ओळीशेजारी सरळ ओळ घालून आजीने चूक उघडी पाडली नव्हती. बाक हळूहळू जिरवला होता.

तेव्हा मला समजलं. आजीकडे नक्षी नव्हतीच. तिच्याकडे नियम होता: मागच्या ओळीपासून बोटभर अंतर ठेव, कोपरा आला की वळ, जागा संपली की थांब.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सीएनसी मशीन चालवणाऱ्या कुणालाही हा फरक लगेच कळेल. तिथे दोन आज्ञा असतात. जी-९० दिली की प्रत्येक बिंदू एका ठरलेल्या शून्यापासून मोजायचा. जी-९१ दिली की आत्ता जिथे आहेस तिथून मोजायचा. लोखंडासाठी जी-९० उत्तम, कारण शिकंजात पकडलेलं लोखंड हलत नाही. आईच्या मशीनची स्क्रीन जी-९० मध्ये विचार करते. कापड सपाट आहे, सगळीकडे सारखं ताणलेलं आहे आणि जागचं हललेलं नाही, असं ती धरून चालते. पण गोधडीत एक सुती लुगडं, एक सिंथेटिक साडी, एक जुनी चादर असते. प्रत्येकीचा ताण वेगळा. कापड दोन दोरे सरकलं की स्क्रीनवरची रेघ आणि खरी गोधडी यांची फारकत होते. आजी जी-९१ मध्ये शिवत होती. कापड सरकलं तर तिची मागची ओळही त्याच्याबरोबर सरकत होती, त्यामुळे तिचं माप कधी चुकत नव्हतं.

आईचा हात खराब नव्हता. स्क्रीन तिला डोळे कापडावरून उचलायला सांगत होती, आणि तीस वर्षं तिचे डोळे कापडावरच होते.

सकाळी मी तिला म्हटलं, "स्क्रीन बंद कर. मागच्या ओळीकडे बघ."

फ्रेमवर आजीचे चौक शिवता येत नाहीत, हेही खरं. गोधडी रुळांवर गुंडाळलेली असते आणि एका वेळी हातभर पट्टाच समोर उघडा असतो. अख्खी गोधडी जमिनीवर पसरून चौघींनी चार कडांना बसायचं, ती बैठक या मशीनवर होत नाही. तिथे गप्पा व्हायच्या, कुणाची सून कशी, कुणाचा भाऊ कुठे, तेही गेलं. म्हणून या मशीनच्या तयार नक्ष्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या असतात.

आईने आधी सुईभोवतीच्या गोल फूटकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे. फूटची कड मागच्या ओळीला टेकवली आणि मशीन चालवलं. पहिल्या दोन ओळी हलल्या. पाचव्या ओळीपर्यंत ती माझ्याशी बोलायला लागली होती. दुसऱ्या दिवशी तिने पहिली ओळ मुद्दाम नदीसारखी वळवली आणि बाकीच्या सगळ्या तिच्यामागून नेल्या. हवाईमधल्या रजयांवर फुलापानांच्या आकाराभोवती अशाच लाटा शिवतात, हे मी तिला फोनवर दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडेही स्क्रीन नव्हती."

स्क्रीन आम्ही काढून टाकलेली नाही. गिऱ्हाईक फोटो दाखवून "अशीच हवी" म्हणतं, तेव्हा गटातली एक तरुण मुलगी स्क्रीन लावते आणि वेल छान काढते, कारण तिला ब्लाउजची सवय मोडायची नव्हती. अशा गोधडीला दाम थोडा जास्त मिळतो, याचं आईला अजून वाईट वाटतं. पहिला हप्ता चार दिवस उशिरा गेला. त्यानंतरचे वेळेवर गेले.

आजीची गोधडी आता मशीनच्या खोलीत भिंतीला टांगली आहे. नवीन बाई आली की आई तिला त्या चुकलेल्या फेरीवर बोट ठेवायला लावते आणि पुढच्या चार फेऱ्या मोजायला सांगते.